डब्यात घालायचं पाणी

सिस्टरांच्या घरात भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी मी त्यांना पेढ्यांचा पुडा दिला, आणि त्यांनी तो उघडूनही न पाहता माझ्या हातात परत ठेवला.

"कोणी मांगलं?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळलो. नवी नोकरी, नवं घर, म्हणून आणले, असं काहीतरी पुटपुटलो.

"मला साखर आहे. शुगर. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." त्या मागे वळल्या. "मागच्या नळाचा वायसर गेलाय. द्यायचंच असेल तर तो बदलून द्या."

मी वायसर बदलून दिला. पुढे जव्हारमधली चार वर्षं मी त्यांच्या मागच्या खोलीत काढली, आणि त्या चार वर्षांत त्यांना न विचारता एकही वस्तू दिली नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. जन्म पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा. तीस वर्षांहून जास्त नोकरी मोखाडा तालुक्यातल्या उपकेंद्रांत, आणि त्यातली निम्मी पायी. नवरा लवकर गेला, मुलगी नाशिकला. निवृत्त झाल्यावर जव्हारला हे छोटं घर बांधलं. बुटक्या, काटक, चालणं असं की माझ्यासारख्या तरुण माणसाला शेजारून पळावं लागायचं. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. नाडी बघायची सवय सुटली तरी घड्याळाची सुटली नव्हती. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. रागावलेल्या नसताना त्या शाळेतली मराठी बोलायच्या. रागावल्या की ती गळून पडायची आणि पोशेऱ्याकडची बोली वर यायची. मी ती बोली चांगली शिकलो, यावरून काय ते समजा.

पेपर माझा असायचा, पण आधी त्या वाचायच्या, तोही हातात पेन घेऊन. कुठली योजना जाहीर झाली, कुठे काय वाटप झालं अशी बातमी दिसली की शेजारी लिहायच्या: "पाणी?" "वर कोण नेणार?" "पावसात काय?" पेपर माझ्याकडे यायचा तेव्हा तो तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखा असायचा. मंत्री असो की संपादक, सिस्टरांकडून कोणी पास झालेला मी पाहिला नाही.

एका रविवारी आम्ही शिरपामाळाच्या बाजूने चालत येत होतो. रस्त्याकडेला एक मोठी गाडी उभी होती. गाडीतली बाई खाली उतरून पाड्यावरच्या मुलांना चॉकलेटं वाटत होती आणि तिचा नवरा मोबाईलवर ते टिपत होता. मुलं हात पुढे करून एकमेकांना ढकलत होती. सिस्टर थेट त्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं पोर कुठंय?"

"गाडीत आहे," बाई हसून म्हणाली.

सिस्टरांनी पिशवीतून खोकल्याची एक गोळी काढली, गाडीच्या खिडकीतून आत हात घातला आणि त्या मुलापुढे धरली. बाई धावली. "अहो, काय देताय त्याला? कोण तुम्ही?"

"तेच यांच्या घरचे पण विचारतील," मुलांकडे बोट दाखवत सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या आया कामावर गेल्यात, म्हणून विचारायला कोणी नाय."

गाडी निघून गेली. मुलं मात्र सिस्टरांवरच चिडली, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. चॉकलेट तर गेलंच होतं. मी तसं म्हणालो, तर सिस्टर घरापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुदानचं सगळं माझ्यामुळे सुरू झालं. मी शाळेत भूगोल शिकवायचो. नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, सुदान कुठं हाय?" तिच्या भावाच्या मोबाईलवर तिथल्या लढाईचा व्हिडिओ आला होता. मी नकाशा लावला. नाईल दाखवली, वाळवंट दाखवलं, माणसं कुठून कुठे पळून चालली आहेत ते खडूने काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी, साखरशेतची, एका पिशवीत दोनेक किलो नाचणी घेऊन आली. "त्यांना पाठवा," म्हणाली. तिच्यामागे बाकीची मुलंही काहीबाही आणायला लागली. कोणी दहा रुपये, कोणी वीस. ज्यांच्या घरात शहरातून बदलून आलेले शिक्षक-कारकून होते त्यांनी जास्त आणले, पण पहिली पिशवी नाचणीची होती.

मुख्याध्यापकांना हे कळलं आणि त्यांना ते फार आवडलं. इतकं आवडलं की आठवड्याभरात ते त्यांचंच झालं. त्यांच्या ओळखीची मुंबईची एक संस्था होती, युद्धग्रस्त देशांना मदत पाठवणारी. संस्थेचे गृहस्थ शाळेत येणार, मुलांसमोर बोलणार, निधी स्वीकारणार असं ठरलं. संस्था बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे पाठवणार होती, आणि प्रत्येक डब्यावर आमच्या शाळेचं नाव छापलं जाणार होतं. शाळेचं नाव आफ्रिकेत जाणार म्हणून मुख्याध्यापकांनी फलक रंगवायला दिला.

हे मी घरी सहज बोललो. सिस्टर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"दुधाचे डबे?"

"हो. लहान बाळांसाठी."

त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र इस्त्रीची पांढरी साडी नेसून न बोलावता आल्या आणि पहिल्या रांगेत, नगराध्यक्षांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या.

पाहुणे चांगले बोलले. पडद्यावर चित्रं दाखवली. हाडं निघालेली मुलं, रडणाऱ्या आया, मग डबे हातात घेतलेल्या हसऱ्या आया. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. असं विचारतात तेव्हा कोणी काही विचारायचं नसतं. सिस्टर उठल्या.

"डब्यात घालायचं पाणी कुठलं?"

"म्हणजे?"

"पावडर पाण्यात कालवतात. ते पाणी कुठून आणायचं? उकळायचं कशावर? डबा संपला की दुसरा कधी मिळणार?"

पाहुणे समजुतीने हसले. "मावशी, ते सगळं तिथली स्थानिक यंत्रणा पाहते."

"तिथं यंत्रणा हाय? मग लढाई कुठं चाललीय?"

मागे मुलं हसली. मुख्याध्यापक उठले. "सिस्टर, पाहुणे लांबून आलेत. त्यांचा अपमान होतोय."

"मी पाणी विचारलं. पाण्यानं कोणाचा अपमान होतो?" मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना मी दिसलो. "सर, तुम्ही सांगा. भूगोल तुमचा आहे. त्या छावण्यांत पाण्याची काय गत आहे?"

मला माहीत होतं. आठवडाभर मी तेच वाचत होतो आणि मुलांना तेच शिकवत होतो. तिथे कॉलरा पसरला होता. पण मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी समोरच्या टेबलावरच्या हारांकडे बघत म्हणालो, "हेतू चांगला आहे."

सिस्टर निघून गेल्या. टाळ्या वाजल्या. मुलांनी जमवलेली रक्कम पाहुण्यांना दिली गेली, फलकासमोर सगळ्यांचे फोटो निघाले. त्या फोटोत मीही आहे, डावीकडून तिसरा. नाचणीची पिशवी शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात पडून राहिली. ती पाठवणं शक्य नव्हतं, पण त्या मुलीला तसं सांगायची तसदीही कोणी घेतली नाही. मीही नाही.

मला अजून राग येतो. पाहुण्यांचा येतो, मुख्याध्यापकांचा येतो, पण ते तरी त्यांच्या समजुतीप्रमाणे वागत होते. मला माहीत होतं आणि मी हारांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाचणीची पिशवी घेऊन सिस्टरांच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या, हेतूवाले सर. बसा." पुढची दीड वर्षं हेच माझं नाव होतं.

मी माफी मागितली. ती ऐकल्याचं त्यांनी दाखवलं नाही. अंगणात सूप घेऊन बसल्या, पिशवीतली नाचणी त्यात ओतली आणि पाखडता पाखडता बोलायला लागल्या.

त्या उपकेंद्रात असताना एका वर्षी बालमृत्यूंच्या बातम्या फार गाजल्या होत्या. गाड्या यायला लागल्या. एका गाडीतून दुधाच्या पावडरीचे डबे आले. बरोबर साहेब होते. साहेब म्हणाले, सिस्टर, तुम्हाला इथं सगळे ओळखतात, तुमच्या हातून वाटा. त्यांनी वाटले. साहेबांनी आणलेलं, डब्यातलं, पांढरंशुभ्र. बायकांना वाटलं, आपल्या अंगावरच्या दुधापेक्षा हेच चांगलं असणार, नाहीतर एवढ्या लांबून कशाला आणतील? पोरांना अंगावर घेणं कमी झालं. तीन आठवड्यांत डबे संपत आले, आणि तोवर अंगावरचं दूध आटलं होतं. गाडी परत आली नाही.

"एक बाई होती," सिस्टर म्हणाल्या. "हुशार होती. डबा पुरवायचा म्हणून पावडर थोडी थोडी कमी करत गेली. पाणी वाढवत गेली. पाणी झऱ्याचं. पाच महिन्यांची पोर. हगवण लागली. झोळी करून आम्ही मोखाड्याला निघालो. चढणीवरच गेली." सूप हलत राहिलं. "डबा मी दिलेला. माझ्या या हातानं. ती बाई माझ्यावर रागावलीसुद्धा नाय. म्हणाली, सिस्टर, माझंच चुकलं, मी पाणी जास्त घातलं."



"तुमचे ते पाहुणे वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "मी पण वाईट नव्हते." आणि मग एकदम आवाज चढला. "पण मला कोणी विचारलं नाय ना तेव्हा, पाणी कुठलं म्हणून! कोणी उभं राहिलं असतं तर!"

त्यांनी पाखडलेली नाचणी डब्यात भरली, तिचे बाजारभावाने पैसे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "हे त्या पोरीचे. हे सुदानला गेले पाहिजेत. आता बघा कोणाकडे द्यायचे ते. आणि नीट बघा."

मला वाटलं होतं की हे एका संध्याकाळचं काम आहे. मोबाईलवर शोधलं तर सुदानसाठी काम करणाऱ्या ढीगभर संस्था निघाल्या, प्रत्येकीच्या पानावर तीच डोळे मोठे झालेली मुलं. सिस्टरांनी पहिला नियम केला: जिथे पोराचा चेहरा आधी दिसेल ती बाद. "पोराला विचारून काढलाय का फोटो?" त्यात निम्म्या गेल्या. मग त्या मला मराठीतून पत्र सांगायच्या आणि मी ते इंग्रजी करून उरलेल्यांना पाठवायचो. प्रश्न ठरलेले. लढाईच्या आधीपासून तुम्ही तिथे आहात का? काम करणारी माणसं तिथली की बाहेरची? माल इथून नेता की तिथेच विकत घेता? बाळांना दुधाची पावडर देता का? देत असाल तर पाणी कुठलं? पत्राच्या शेवटी एक ओळ: "मी निवृत्त नर्स आहे. उत्तर खरं लिहावं."

एका संस्थेने आभाराचं सुंदर पत्र पाठवलं, ज्यात एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. एकीने थेट कार्डाचा नंबर मागितला. एका मोठ्या संस्थेने चाळीस पानांचा अहवाल पाठवला; तो मी तीन दिवस समजावून सांगितला आणि तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काम चांगलं दिसतंय. पण त्यांना आपली गरज नाय."

या शोधात रविवारी आणखी चौघीजणी येऊन बसायच्या. दोन आशाताई, दोन अंगणवाडीताई, सगळ्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनाही थोडे थोडे द्यायचे होते. त्यातली एक अंगणवाडीताई एकदा स्पष्टच बोलली. "सिस्टर, आपल्याकडं काय कमी भूक हाय का? माझ्या अंगणवाडीत या. तिकडं कशाला पाठवायचं?"

मला वाटलं, आता ही गेली. पण सिस्टरांनी आधी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"तुझं बरोबर हाय. इथलं काम तू सोडू नको, मी पण सोडलं नाय." मग हळूहळू आवाज तापत गेला. "पण मला सांग, पोर वाळत चाललं की कसं दिसतं ते कोणाला कळतं? तुला कळतं. मला कळतं. एसी गाडीतल्या माणसाला कळतं का? तो डबे पाठवतो. ज्यांना भूक कळते त्यांनी गप बसायचं, आणि ज्यांना नाय कळत त्यांनी ठरवायचं, तिकडच्या बाईला काय पाहिजे. किती दिवस चालू द्यायचं हे?"

ताई पाणी प्यायली. पुढच्या रविवारी तीच सगळ्यांच्या आधी आली.

एका छोट्या संस्थेचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. सुदानमधल्याच नर्स आणि डॉक्टरांनी चालवलेली, कागदोपत्री शेजारच्या देशात नोंदवलेली. पत्र सहा ओळींचं होतं. उशिराबद्दल माफ करा, वीज नव्हती. आम्ही सगळे इथलेच आहोत, आमच्यातल्या काहींची घरं गेली आहेत. आम्ही बाळांना पावडर देत नाही, आयांना खायला घालतो. धान्य इथल्याच बाजारात घेतो, बाजार चालू असेल त्या दिवशी. पाण्याच्या पंपाला डिझेल लागतं, ती सगळ्यात मोठी अडचण आहे. तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी पाणी विचारलं.

मी वाचून दाखवलं. सिस्टरांनी पुन्हा वाचायला लावलं. "ही आपली माणसं," म्हणाल्या. पण तेवढ्यावर भागलं नाही. ज्या देशात संस्थेची नोंदणी होती तिथल्या सरकारी यादीत तिचं नाव आहे का ते मला शोधायला लावलं, आणि तिच्याबरोबर काम केलेल्या दुसऱ्या दोन संस्थांना पत्र लिहून विचारायला लावलं. दोघांनीही चांगलं सांगितलं तेव्हा कुठे आम्ही बँकेत गेलो.

बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने असा फॉर्म आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने ठाण्याला फोन केले, आम्हाला चार फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला पैसे पाठवून झाल्यावर त्याने विचारलं, "सिस्टर, सुदानमध्ये तुमचं कोण आहे?"

"आमच्या खात्याच्या बायका आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आरोग्य खात्याच्या."

दरम्यान शाळेच्या डब्यांचं काय झालं ते मी मुख्याध्यापकांना विचारलं. एकदा नाही, सहा वेळा, आणि शेवटच्या दोनदा लेखी. संस्थेचं उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं: माल मार्गस्थ आहे. तो अजून मार्गस्थच असावा. लेखी विचारल्यामुळे माझी नोकरी कायम व्हायची राहिली आणि वर्ष संपल्यावर मला दुसरीकडे बघावं लागलं. सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. फक्त त्या दिवसापासून मला नुसतं "सर" म्हणायला लागल्या.

जव्हार सोडायच्या थोडं आधी तिकडून एक पत्र आलं. तिथल्या एका नर्सने लिहिलेलं. तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते, असं सुरू होत होतं. आमच्याकडे चार बायका आल्या आहेत, वाटेत फार पाहून आलेल्या. भीतीने त्यांचं दूध आटलं आहे. तुमच्याकडे अशा वेळी तुम्ही काय करायचा?

मी पत्र वाचत गेलो तसा सिस्टरांचा चेहरा बदलला. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच कोणाचाही राग न धरता बोलताना ऐकलं. त्या तासभर सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. बाळ अंगावर लावत राहायचं, दूध नसलं तरी, रात्रंदिवस, दर दोन तासांनी. कपडा बाजूला, बाळाची कातडी आईच्या कातडीला. तोवर ज्या बाईला दूध आहे तिचं काढून वाटी-चमच्याने भरवायचं. "तिकडं काय पिकतं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ज्वारी, बाजरी. "मग आम्ही नाचणीची आंबील द्यायचो, त्यांनी ज्वारीची द्यावी." आणि शेवटी म्हणाल्या, "लिहा, त्या बाईजवळ एक बाई सतत बसली पाहिजे. रडत असेल तर रडू द्यायचं. दूध येत नाय म्हणून तिला बोलायचं नाय."

महिन्याभराने उत्तर आलं. तिघींना दूध आलं होतं. मी आनंदाने मोठ्याने वाचलं. चौघी ताया हसायला लागल्या, एकीने डोळे पुसले.

"चौथी?" सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तिघींना..."

"मी चौथी विचारली."

पत्रात चौथीबद्दल काही नव्हतं. सिस्टरांनी तिथल्या तिथे विचारायला लावलं. उत्तर आलं तेव्हा पावसाळा लागला होता. चौथीला दूध आलं नाही. बाळ गेलं. ती अजून केंद्रातच आहे, दुसऱ्या आयांसाठी आंबील ढवळते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी लिहिलं नाही, असं त्या नर्सने लिहिलं होतं. देणाऱ्यांना चांगल्या बातम्या आवडतात, असं आम्हाला शिकवलं आहे.

सिस्टर उठल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तो राग त्या नर्सवर नव्हता. त्या अंगणात गेल्या, पुन्हा आत आल्या.

"लिहा," म्हणाल्या. "कोणी शिकवलं हे त्यांना? लिहा, आम्हाला खूश करायचं नाय. आमच्यासाठी काय लपवायचं नाय. जे गेलं ते पहिल्या ओळीत लिहायचं. तिघी खाली लिहिल्या तरी चालतील. चौथी वर."

मी तसंच लिहिलं.

आता मी विक्रमगडला असतो. पत्रं माझ्या मोबाईलवर येतात, आणि त्या नर्सने सिस्टरांचं म्हणणं पाळलं आहे. पत्र आलं की मी सिस्टरांना फोन लावतो. पहिली ओळ वाचायचा मला अजून धीर होत नाही. मी पंपाबद्दल, बाजाराबद्दल, नव्या आलेल्या बायकांबद्दल सांगायला लागतो. त्या थोडा वेळ ऐकून घेतात.

"सर," मग म्हणतात, "वरून वाचा."